सुभेदार साळव्यांचा दरबार

परवा आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेच्या पेटीतलं एक घड्याळ. घड्याळ बंद आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख करून दिली, ‘आपल्या धर्मग्रामात, आपल्या या पॅरिशमध्ये, खुल्या सभेची प्रथा ज्यांनी सुरू केली, ते आपले लाडके देठे सर!’ टाळ्या झाल्या. मग ती हसत म्हणाली, ‘त्याच्याही आधी इथे एक सुभेदार होते म्हणे. ते फादरांना ओरडून ओरडून प्रश्न विचारायचे.’ लोकही हसले. माझ्या हातात माईक होता. मी ‘सर्वांचे आभार’ म्हणालो आणि खाली बसलो. वयाची ऐंशी उलटली तरी माईक हातात आला की मला नेमकं तेवढंच सुचतं.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. खुली सभा मी सुरू केली नाही. ती सुभेदार पौलस साळवे यांनी सुरू केली. ते तिला दरबार म्हणत. ती बंद पडली ती त्यांच्या ओरडण्याने नव्हे, माझ्यामुळे बंद पडली. ते कसं, ते सांगणारच आहे. पण आधी सुभेदार कळायला हवेत.

सुभेदार उंचीने बेताचे होते, मात्र ही गोष्ट त्यांना कोणी कळवली नसावी. ते चालायचे सहा फुटी माणसासारखे. छाती पुढे, मिशा वर आणि खाकी मोजे गुडघ्यापर्यंत, तेसुद्धा रविवारच्या धोतराखाली. त्यांची बायको आग्नेसबाई त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. दोघं चर्चला यायची तेव्हा ते दोन पावलं पुढे आणि त्या मागे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे की बाई कोणाला तरी पकडून आणत आहेत.

सगळी हयात तोफखान्यात गेली. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातच, बाजाराच्या मागे दोन खोल्या घेऊन राहिले. तोफांनी त्यांचे कान नेले होते. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने खणखणीत बोललेलं तेवढं. त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याला हळू आवाजात काही सांगायची सोयच नव्हती. उसने मागायला आलेला माणूसही त्यांच्या दारात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं मागायचा, नाहीतर न मागताच परत जायचा.

याचा सर्वांत जास्त त्रास फादर आल्फ्रेडना झाला. फादर आल्फ्रेड मंगळूरकडचे, सडपातळ, लाजरे. मराठी ते सेमिनरीत एका शास्त्रीबुवांकडून शिकले होते, त्यामुळे घशात घास अडकला तरी ते ‘कृपया जलपात्र द्यावे’ असं म्हणत. सुभेदार दर शनिवारी पापनिवेदनाला जात आणि लाकडी जाळीशी गुडघे टेकून रिपोर्ट देत.

‘फादर! या हफ्त्यात राग तीन वेळा! दोन वेळा बायकोवर, एक वेळा रॉकेलच्या लायनीत!’

‘हळू बोलावे,’ फादर पुटपुटत.

‘मोठ्यानं, फादर!’

‘हळू बोलावे!’

‘हळूच बोलतोय! आणि मागच्या रविवारी तुमच्या प्रवचनात झोप लागली. दोन वेळा. दुसऱ्यांदा मुद्दाम!’

बाहेर रांगेत उभी असलेली आम्ही माणसं स्वतःची पापं विसरून जायचो. शेवटी फादरांनी त्यांना मागच्या पेरूच्या बागेत न्यायला सुरुवात केली. मग ते सगळं चर्चच्या शाळेच्या वसतिगृहातल्या पोरांना खिडकीतून ऐकू येऊ लागलं.

आता दरबाराकडे येतो. मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली त्याला तेव्हा थोडी वर्षं झाली होती. रोमला मोठी परिषद झाली होती, तिथे काय काय ठरलं ते हळूहळू आमच्यापर्यंत झिरपत होतं. एका रविवारी फादर आल्फ्रेड प्रवचनात म्हणाले, ‘प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभा ही केवळ धर्मगुरूंची नव्हे. ती आपणा सर्वांची आहे. आपण मुक्तपणे बोलावे. आपले मत निःसंकोच प्रकट करावे.’

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. चर्चमध्ये मान हलवणं म्हणजे विषय संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुभेदार उभे राहिले. भर प्रवचनात, सावधानमध्ये.

‘फादर, एक सवाल!’

चर्चमध्ये जी शांतता पसरली तशी गुड फ्रायडेलाही पसरत नाही.

‘आत्ता नव्हे, सुभेदार,’ फादर घामाघूम होऊन म्हणाले.

‘तुम्ही म्हणालात, बोला. मी बोललो.’

‘पण… मिस्सा चालू आहे.’

‘ठीक आहे. मग टाईम द्या. बोलायचा हुकूम आहे, पण टाईम नाही, असं कसं चालंल?’

मागच्या बाकावरून आग्नेसबाई खणखणीत म्हणाल्या, ‘अहो, बसा आता! फादर रडतील!’

फादरांनी टाईम दिला. महिन्याचा पहिला रविवार, दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या हॉलमध्ये. ते वैतागून बोलले असावेत, पण सुभेदारांनी तो हुकूमच मानला.

फौजेत दरबार नावाची एक पद्धत असते. कमांडिंग ऑफिसर खुर्चीवर बसतो, सगळे जवान समोर बसतात आणि कोणीही उभं राहून काहीही विचारू शकतो. सुभेदारांनी ती पद्धत उचलून जशीच्या तशी देवाच्या घरात आणली.

आमच्या चर्चमध्ये बसायच्या जागा कोणी ठरवल्या नव्हत्या आणि तरी सगळ्यांच्या ठरलेल्या होत्या. पुढच्या बाकांवर कॅम्पातल्या अफसरांच्या बायका आणि गोव्याकडची जुनी घराणी. मधे केरळच्या नर्स, रेल्वेतले लोक. शेवटी आम्ही मराठी, आमच्यातही शाळामास्तर थोडे पुढे आणि खेड्यातून आलेले अगदी दाराशी. हॉलमध्येही मंडळी आपोआप तशीच बसली. सुभेदारांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘सगळे उठा. उंचीप्रमाणे बसायचं. बुटके पुढं, उंच मागं. म्हणजे सगळ्यांना दिसंल.’

जातीने, भाषेने, पगाराने बसा म्हटलं असतं तर भांडणं झाली असती; उंचीवर काय भांडणार? एका मेजरच्या उंचापुऱ्या बाईसाहेब मागे जाऊन मडलीनाबाईशेजारी बसल्या. मडलीनाबाई नाशिकरोडच्या बाजारात भाजी विकायच्या आणि त्याही चांगल्या दांडग्या होत्या. गोव्याच्या जुन्या घराण्यातले पिंटोसाहेब बुटके, म्हणून पुढेच राहिले, पण त्यांच्या एका बाजूला स्टेशनवरचा झाडूवाला आला आणि दुसऱ्या बाजूला मी.

‘सवाल!’ सुभेदार गरजले.

कोणी हलेना.

‘सवाल नाही? म्हणजे सगळं ठीक? मग मघाशी गेटपाशी एवढी खुसफूस कशाची चालली होती?’

माणसं जमिनीकडे बघू लागली. तेवढ्यात मागून मडलीनाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, ‘मी इचारते. फॅन निस्ता पुढच्याच बाकड्यांवर का फिरतो? आमाला काय घाम येत नाय?’

‘मोठ्यानं!’

‘म्हनलं, आमाला घाम येत नाय का!’ हे वसतिगृहापर्यंत गेलं.

सुभेदारांनी फादरांकडे बोट केलं. ‘जवाब.’

फादर आल्फ्रेड खुर्चीतून अर्धे उठले, परत बसले. ‘माझी अशी नम्र धारणा आहे की… म्हणजे पूर्वापार… आपण यावर प्रार्थना करू.’

‘प्रार्थना ठीक आहे, फादर. कारवाई काय?’

मग फादरांनी असं काही केलं, जे मी तोवर कुठल्याच धर्मगुरूला करताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, ‘मला ठाऊक नाही. माझ्या ते कधी ध्यानातच आले नाही.’

सुभेदारांचा चेहरा खुलला. ‘जवाब आला. मालूम नाही, हा पण जवाब असतो. पुढचा!’

पंखे महिन्याभरात सरकले. लोकांना चटक लागली ती तिथून. दरबाराच्या रविवारी हॉल भरायला लागला. लोक काय काय विचारायचे! प्रवचन इतकं लांब का? मिस्सेत पुरुषच बायबलचं वाचन का करतात, आमची पोरगी मॅट्रिकला पहिली आली, तिला वाचता येत नाही का? भजनाला ढोलकी चालते तर मिस्सेला का नाही? एकदा मडलीनाबाईंनी विचारलं, ‘माझ्या आज्याचा बाप्तिस्मा झाला व्हता, तरी आमाला अजून नवे ख्रिस्ती का म्हनत्यात? जुनं व्हायला किती पिढ्या लागत्यात ते येकदा सांगून टाका.’

पिंटोसाहेबांना हा रोख आपल्याकडे आहे असं वाटलं, आणि तो होताच. ते उठून म्हणाले, ‘आमची फॅमिली चारशे वर्षं कॅथलिक आहे.’

‘उत्तम,’ सुभेदार म्हणाले. ‘मग येवढ्या काळात मिस्सेला टाईमवर यायला का नाही शिकलात? पुढचा!’

पिंटोसाहेब पुढच्या रविवारी पहिल्या घंटेला हजर होते. ‘नवे’ हा शब्दही निदान मोठ्याने कोणी उच्चारेनासं झालं. आणि सुभेदारांच्या राज्यात हळू आवाजात काही उच्चारलं तर ते गणतीतच धरलं जात नसे.

फादर आल्फ्रेडही बदलले. सुरुवातीला दरबाराला ते सगळ्यात शेवटी यायचे. पुढे ते स्वतःच लवकर येऊन खुर्च्या मांडू लागले. एकदा ते मला म्हणाले, ‘देठे गुरुजी, मला आजवर लोक केवळ नमस्कार करीत होते. आता ते माझ्याशी भांडतात. मला फार बरे वाटते.’

सुभेदारांच्या स्वतःच्या घरात मात्र दरबार नव्हता. एका पहिल्या रविवारी सगळ्यांचे सवाल संपले, तेव्हा मागच्या रांगेतून आग्नेसबाई उभ्या राहिल्या.

‘माझा सवाल दरबाराच्या साहेबांना आहे. तुम्ही इथं बसून सगळ्यांना जवाब मागता. मी मिस्सेहून जाऊन मटण शिजवते, शिजवून परत पळत येते आणि तुम्ही घरी गेल्यावर म्हणता, मीठ कमी आहे. हे कोणत्या परिषदेत ठरलं?’

हॉल हसून हसून लोटपोट. सुभेदार ताठ उभे राहिले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, पण नियम म्हणजे नियम. ‘जवाब,’ ते म्हणाले. ‘गलती मान्य. कारवाई पुढच्या रविवारी.’

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः मटण केलं आणि मला आणि फादरांना जेवायला बोलावलं. त्यांनी ते पलटणीच्या मापाने केलं होतं. भांडं एवढं मोठं की ते अंगणात चुलीवर ठेवावं लागलं, आणि मटण असं की चावताना फादर डोळे मिटून घेत होते. ‘कसं आहे?’ सुभेदारांनी विचारलं. फादर म्हणाले, ‘मला ठाऊक नाही.’ आग्नेसबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

त्या दिवशी फादर गेल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मी सहज विचारलं, ‘सुभेदार, तुम्हाला या दरबाराचं एवढं वेड कशाने लागलं?’ मोठ्याने विचारावं लागलं, त्यामुळे ते सहज विचारल्यासारखं वाटलं नाही.

ते म्हणाले, ‘मास्तर, पलटणीतला दरबार खोटा असतो. आदल्या दिवशी सुभेदार सगळ्यांचे सवाल ऐकून घेतो. चालण्यासारखे ठेवतो, बाकीचे काढून टाकतो. साहेबाला जवाब पाठ करून देतो. दुसऱ्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात. मी ती नोकरी फार चांगली केली. एका पोराला छुट्टी पाहिजे होती, आई आजारी. मी म्हटलं, बस खाली, हा सवाल साहेबांना आवडणार नाही. आई गेली त्याची.’ मग भांड्याकडे बघत ते म्हणाले, ‘मटण खरंच एवढं वाईट होतं का?’

मी म्हणालो, ‘हो.’

‘ठीक आहे. खरं बोललात.’

माझ्याकडून त्यांना मिळालेलं ते शेवटचं खरं उत्तर असावं.

कारण त्याच वर्षी फादर आल्फ्रेडच्या बदलीची बातमी आली. कुठेतरी आडबाजूच्या मिशनवर. का, ते कोणी सांगेना. पुढच्या बाकांवरच्या काही मंडळींनी वर, बिशपांकडे, तक्रारी केल्याचं सगळे म्हणत होते. आणि बदलीच्या आधी वरून एक मोठे फादर पाहणीला येणार होते. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना मोठे फादरच म्हणत असू. ते दरबारालाही बसणार होते. सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दिवसावर दरबार राहायचा की मोडायचा ते ठरणार आहे.

शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली आम्ही जमलो. फादरांच्या बदलीबद्दल विचारायचंच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोणी विचारायचं? मी म्हणालो, ‘मी विचारतो.’ माझा आवेश तेव्हा मोठा होता. मी म्हणालो, ‘हा प्रश्न सुभेदारांनी विचारला तर ओरडल्यासारखा वाटेल. नीट भाषेत विचारायला हवा. आम्हाला न विचारता आमचे धर्मगुरू का हलवता, एवढंच.’ वाक्य माझं होतं. प्रश्नच मुळात माझा होता. सुभेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘मास्तर, शाबास! तुम्ही विचारा, मी फक्त मागं उभा राहतो.’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी चर्चच्याच शाळेत शिक्षक होतो, आणि मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती.

तो रविवार आला. मोठे फादर खुर्चीवर बसले. उंच, पांढरे शुभ्र, आवाज मऊ. शेजारी शाळेचे मॅनेजर. सगळे उंचीप्रमाणे बसले, ते बघून मोठ्या फादरांनी भुवया उंचावल्या. दोन-चार साधे प्रश्न झाले. मग सुभेदार म्हणाले, ‘पुढचा!’ आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. मोठे फादर माझ्याकडे बघून हसले. मॅनेजरही हसले. मी म्हणालो, ‘आपण वेळात वेळ काढून आलात, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे.’

आणि बसलो.

‘मोठ्यानं!’ सुभेदार म्हणाले. ‘सवाल ऐकू आला नाही!’

‘सवाल नव्हता, सुभेदार,’ पिंटोसाहेब म्हणाले.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादा जवान परेडमध्ये चक्कर येऊन पडला तर बघतात तसं. मग त्यांनी टाचा जुळवल्या.

‘साहेब!’ मोठ्या फादरांना ते सवयीने साहेब म्हणाले. ‘सवाल असा आहे. फादर आल्फ्रेड आमच्यातून चालले. का चालले, ते त्यांना मालूम नाही, आम्हालाही मालूम नाही. आम्हाला कोणी विचारलं नाही. तुम्हाला मालूम असंल तर सांगा. नसंल तर तसं सांगा. इथं ते पण चालतं.’

मोठे फादर मऊ आवाजात काहीतरी म्हणाले.

‘मोठ्यानं, साहेब!’

‘हे आपलं काम नाही, असं म्हणालो.’

‘ऐकू येत नाही, साहेब! मागच्यांना पण ऐकू द्या!’

‘हे तुमचं काम नाही!’ मोठे फादर ओरडले. कौलांवरची कबुतरं उडाली.

हळू म्हटलं असतं तर तो वरचा आदेश ठरला असता. ओरडल्यामुळे त्याचं काहीतरी भलतंच झालं. मडलीनाबाईंना हसू फुटलं, मग मेजरच्या बाईसाहेबांना, मग सगळ्या हॉलला. एकटे सुभेदार हसत नव्हते. ते गंभीरपणे म्हणाले, ‘जवाब आला. पुढचा!’

जेवणं झाल्यावर मोठे फादर धर्मगुरूंच्या बंगल्याच्या व्हरांड्यात हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभा होतो. का उभा होतो, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, ‘हे गृहस्थ एकटे बोलतात की त्यांच्या मागे कोणी आहे?’

सुभेदार अंगणात ताट घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आवाज खाली आणला.

‘मागे कोणी नाही, फादर. तो प्रश्न एकट्या सुभेदारांचाच. तोफांनी कान गेलेत, आणि… डोक्यावरही थोडा परिणाम आहे. धर्मग्रामाचं तसं काही म्हणणं नाही.’

‘असं होय,’ मोठे फादर म्हणाले आणि टॉवेल घेतला. त्यांनी त्यात काही दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. धर्मग्रामाचं म्हणणं नाही म्हटल्यावर त्यांनी तरी काय करायचं?

फादर आल्फ्रेड गेले. दरबार बंद झाला. त्याऐवजी नेमलेल्या माणसांची समिती आली, तिचा सचिव मी. पुढे मी मुख्याध्यापक झालो. लोक परत पूर्वीसारखे बसू लागले, पगाराने आणि घराण्याने उंच ते पुढे, बुटके मागे, ज्याचा त्याचा हिशेब.

सुभेदार काही दिवस पहिल्या रविवारी हॉलमध्ये जाऊन बसायचे. दार उघडं ठेवून, खुर्चीवर एकटे. आग्नेसबाई म्हणायच्या, ‘बसू द्या, मटण शिजेपर्यंत चुलीशी तरी येत नाहीत.’ मग वसतिगृहातली पोरं यायला लागली. ती विचारायची, तोफेत माणूस बसतो का? सगळ्यात लांब गोळा कुठे गेला? बेडूक पोहताना श्वास कसा घेतो? सुभेदार प्रत्येकाला उभं करायचे, मोठ्याने बोलायला लावायचे, आणि बऱ्याच वेळा सांगायचे, ‘मालूम नाही. पुढचा!’ मी माझ्या ऑफिसच्या खिडकीतून ते ऐकत असे. शेवटी मी पोरांच्या अभ्यासाचं कारण काढून हॉलला कुलूप लावलं. हे मी कोणाच्या सांगण्यावरून केलं नव्हतं.

एकदा आग्नेसबाई मला बाजारात भेटल्या. द्राक्षं निवडत होत्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या, ‘मास्तर, तुम्हाला एक माहीत नसंल. ह्यांना ओठांवरचं कळतं. तोफेजवळ दुसरं काय करणार? बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की पुरे. ‘मोठ्यानं’ म्हणतात ते बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून.’

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मी कसाबसा म्हणालो, ‘मग त्या दिवशी… व्हरांड्यात…’

‘हो.’

‘काय म्हणाले?’

आग्नेसबाईंनी एक आंबट द्राक्ष बाजूला केलं. ‘म्हणाले, बरं झालं, मास्तरला मिशी नाही. सगळं साफ दिसलं.’

आणि त्या मनापासून हसल्या. मला वाटतं, घरीही ती दोघं अशीच हसली असणार. मला मात्र तेव्हापासून हसणाऱ्या माणसांची भीती वाटते.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं. नवे, तरुण फादर आले. ते म्हणाले, ‘मुख्याध्यापकसाहेब, आता सगळीकडे संवाद चालू आहे. आपणही खुली सभा घेऊ.’ तोवर मी समितीचा अध्यक्ष झालो होतो. मी सभा घेतली. प्रश्न आधी मागवले, त्यातले बरे निवडले, फादरांना दाखवले. सगळं व्यवस्थित. हॉलमध्ये लोक बसले, मी प्रश्न पुकारला की ज्याचा असेल तो उठून विचारी, फादर उत्तर देत, टाळ्या होत. शेवटच्या रांगेत सुभेदार बसले होते. फार वाळले होते. मिशा पांढऱ्या, हातात काठी. आग्नेसबाई शेजारी.

सगळे प्रश्न संपले. मी नियमाप्रमाणे म्हणालो, ‘अजून कोणाला काही विचारायचं आहे का?’ कोणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

सुभेदार काठीवर भार देऊन उठले. सगळ्या हॉलसमोर ते आता काहीही म्हणू शकत होते आणि त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता.

‘माझा सवाल अध्यक्षसाहेबांना आहे,’ ते म्हणाले. आवाज तसाच होता. ‘तुम्ही सगळ्यांना विचारायला दिलं. तुम्हाला स्वतःला काही विचारायचं आहे का?’

बस, एवढंच. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. हॉलमधले सगळे माझ्याकडे वळले. नव्या फादरांना गंमत वाटत होती. मला वाटलं, बोलावं. अगदी मोठ्याने बोलावं. तोंड उघडलंही.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मला काही विचारायचं नाही.’

सुभेदार तरीही उभेच राहिले. शिकवणीला आलेल्या मंद पोरासाठी मास्तर थांबतो तसे थांबले. लोक चुळबुळ करू लागले. पुढच्या रांगेतला एक जण वळून शेजाऱ्याला काही विचारू लागला, तसं मला कळलं की आणखी थोडा वेळ हे असंच चाललं तर लोकांना काहीतरी उमगेल.

सुभेदारांनाही ते कळलं असावं. त्यांनी काठी आपटली.

‘मग चहा सांगा की!’ ते गरजले. ‘माणसं कधीची ताटकळलीत!’

सगळा हॉल हसला. नवे फादर हसले, मीही हसलो. सभा उत्तम झाली असं सगळे म्हणाले. गडबडीत चहाचे पेले आले. मी माझ्या खुर्चीतून उठलो नव्हतो. सुभेदार गर्दीतून काठी टेकत टेकत माझ्यापर्यंत आले, दुसऱ्या हातातला पेला त्यांनी माझ्या पुढ्यात धरला. बशीत चहा सांडला होता.

‘घ्या, मास्तर,’ ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. ‘घसा कोरडा पडला असंल.’